न्हाणीघरातला वायू आणि सोन्याचे आठ अणू

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. बेळगावची थंडी तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. मुलाचं दहावीचं वर्ष, सकाळी सातला शिकवणी. साडेसहाला तो आंघोळीला गेला. न्हाणीघराची झडप थंडी येते म्हणून मीच आदल्या दिवशी कागद कोंबून बंद केली होती आणि त्याच भिंतीवर गॅसचा गिझर होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पाण्याचा आवाज येत होता, पण हाकेला ओ नव्हती. ह्यांनी खांदा मारून कडी तोडली. पोरगं भिंतीला टेकून बसलेलं, मान कलंडलेली.

कोरोनापासून घरात एक ऑक्सिमीटर पडून होता. ह्यांनी तो घाईघाईने त्याच्या बोटाला लावला, आकडा आला ९८. क्षणभर आम्हाला हायसं वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्या आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ''गिझर आत आहे का?'' एवढंच त्यांनी विचारलं, आणि मुलाच्या तोंडावर ऑक्सिजन चढवला. नंतर समजलं, की ते चिमट्याचं यंत्र ह्या बाबतीत फसतं. रक्तातल्या लाल पेशींवर ऑक्सिजन बसला आहे की दुसरंच काही, हे त्याला ओळखता येत नाही.

संध्याकाळी मुलाने चहा मागितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. रात्री दवाखान्याच्या बाकावर मी आणि नणंदेची मुलगी अशा दोघीच बसलो होतो. ती बेंगळुरात पीएच.डी. करते, संक्रांतीला म्हणून आली होती. दिवसभर सगळी धावपळ तिनेच केली. आता मात्र तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ''मामी, चार वर्षं झाली, मी ह्याच वायूवर काम करते आहे. कार्बन मोनॉक्साइड. हजार वेळा मी त्याचं गणित मांडलं असेल. पण तुमचा गिझर कुठे बसवलाय हे एकदाही विचारलं नाही.''

तोवर तिचं काम म्हणजे आमच्या घरात चेष्टेचाच विषय होता. संगणकासमोर बसून ती सोन्याचा अभ्यास करते, एवढंच आम्हाला ठाऊक. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, तिला दर सुट्टीत विचारायच्या, ''बंगारदाग ओदूदु एनैती?'' सोन्यात शिकण्यासारखं असतं तरी काय? सोनं घ्यावं, अंगावर घालावं, पोरीच्या लग्नाला मोडावं. मी मराठी शिकवणारी बाई, माझं विज्ञान दहावीलाच संपलं. पण त्या रात्री मी तिला म्हटलं, ''मला समजेल असं सांग. सकाळ व्हायला अजून वेळ आहे.''

धरून बसणारा वायू

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. श्वासातला ऑक्सिजन त्या लोहावर अलगद बसतो आणि जिथे गरज असेल तिथे उतरतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच जागेवर बसतो, पण ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस जळताना हवा कमी पडली की तो तयार होतो. बंद न्हाणीघरात ज्योत आधी हवेतला ऑक्सिजन खाते आणि मग अर्धवट जळू लागते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून तो मुखवटा.

आता गंमत पाहा, भाची म्हणाली. ह्या वायूला आणखी एक ऑक्सिजनचा अणू मिळाला, की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आपण उच्छ्वासातून सोडतो तोच. कार्बन मोनॉक्साइडच्या मानाने तो निरुपद्रवी. आणि ऑक्सिजन तर हवेत भरपूर आहे. मग हे दोघे आपण होऊन का एकत्र येत नाहीत? तर ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की ती जोडी फोडायला मोठी किंमत पडते. ही किंमत कमी करणारा मध्यस्थ म्हणजे उत्प्रेरक. तो काम करून देतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. मोटारीच्या धुराड्याच्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू बसवलेले असतात ते ह्याचसाठी.

पण प्लॅटिनमचीही तीच गत होते, जी आपल्या रक्ताची झाली. गाडी थंड असताना कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या सगळ्या जागा अडवून बसतो, ऑक्सिजनला पाय ठेवायला जागा उरत नाही. अमेरिकेतल्या आयर्विंग लँगम्यूर ह्यांनी ही अडवणूक १९२२ सालीच नोंदवली होती. पुढे जर्मनीच्या गेरहार्ड एर्ट्ल ह्यांनी धातूच्या पृष्ठभागावर हे रेणू कसे बसतात, कसे भेटतात, ह्याचा पायरी-पायरीने उलगडा केला. त्यांना २००७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नळी तापली की अडवणूक सुटते. म्हणजे गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटंच जास्त विषारी. बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवू नये म्हणतात, ते उगीच नाही.

चांगला उत्प्रेरक तो, जो पाहुण्याला धरतो, पण धरून ठेवत नाही. फार सैल धरलं तर काम होत नाही, फार घट्ट धरलं तर जागा अडते. पॉल साबातिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने हे तत्त्व ओळखलं जातं.

सोनं केव्हा कामाला लागतं

सोन्याबद्दल आपली समजूत पक्की असते. ते गंजत नाही, कशात मिसळत नाही, शंभर वर्षांनी काढलं तरी तसंच. रसायनशास्त्रही तेच म्हणत होतं. सोनं हा बसून खाणारा धातू, उत्प्रेरक म्हणून निरुपयोगी. १९८७ साली जपानच्या मासाताके हारुता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सोन्याचे अगदी बारीक कण लोह किंवा कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडवर पसरले, तर ते कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानातही करतात. उणे सत्तर अंशालासुद्धा! जिथे प्लॅटिनम गारठून बसतं, तिथे सोनं कामाला लागतं. १९९२ साली जपानमध्ये हा उत्प्रेरक बाजारात आला, तोही शौचालयातली दुर्गंधी घालवण्यासाठी. अव्वांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

पण कण बारीक म्हणजे किती बारीक? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ह्या कामाला लागणारे कण दोन-तीन नॅनोमीटरचे असतात. तीन नॅनोमीटरच्या कणात आठशेच्या आसपास अणू. दहा ग्रॅमच्या वेढणीत तीनावर बावीस शून्यं मांडावीत इतके अणू असतात, पण त्यातले जवळजवळ सगळे आत दडलेले. बाहेरच्या वायूशी त्यांची गाठ कधी पडतच नाही.

भाचीने हे मला फार सोप्या रीतीने दाखवलं. बाकावर संत्र्यांची पिशवी होती. खडे बाजारात फळवाले रचतात तशी संत्री मनात रचायची. खाली दहांचा त्रिकोण, त्यावर सहा, त्यावर तीन, वर एक. झाली वीस. ह्या ढिगाऱ्यात आत दडलेलं एकही संत्रं नाही. प्रत्येकाची एक तरी बाजू बाहेर आहे. सोन्याच्या वीस अणूंचा समूह नेमका असाच असतो, हे २००३ साली अमेरिकेत लाय-शेंग वांग ह्यांच्या गटाने दाखवलं. वीसच्या वीस अणू कामाला हजर. आणि कडेच्या, टोकाच्या अणूंना शेजारी कमी, म्हणून त्यांचे हात मोकळे. मोकळा हात असेल तोच दुसऱ्याला धरणार.

आणखी एक नवल. विजेचा एक जादा ऋणभार असलेले सोन्याचे समूह अकरा अणूंपर्यंत ढिगासारखे रचले न जाता रांगोळीसारखे सपाट पसरतात. बाराव्या अणूला ते उभे राहतात. तांबं, चांदी असं करत नाहीत. सोन्याच्या आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात आणि त्याचा परिणाम बाहेरपर्यंत पोचतो, त्यामुळे हे घडतं. सोन्याचा पिवळा रंगही त्याचाच परिणाम. म्हणजे आइन्स्टाइनचा सिद्धान्त अव्वांच्या पाटल्यांतही आहे.

कागदावरचा घाट

आठ-वीस अणूंचा कण डोळ्यांनी पाहणं, त्यावर एक रेणू बसताना निरखणं फार कठीण. म्हणून ही मंडळी संगणकावर गणित मांडतात. पण गणित तरी साधं कुठे? सोन्याच्या एका अणूत ७९ इलेक्ट्रॉन. आठ अणूंत ६३२. प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे, म्हणजे एकूण १८९६ आकड्यांचं एकमेकांत गुंतलेलं जाळं. ते सरळ सोडवायला जगातला कुठलाही संगणक पुरणार नाही.

ह्यावर वाट काढली वॉल्टर कोन ह्यांनी. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३९ साली, सोळाव्या वर्षी, मुलांना वाचवणाऱ्या गाडीतून इंग्लंडला पोचला. आई-वडील मागेच राहिले आणि नाझींच्या हत्याकांडात मारले गेले. पुढे कॅनडात शिकून, अमेरिकेत जाऊन तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. १९६४ साली त्याने पिअर होहेनबर्ग ह्यांच्यासोबत सिद्ध केलं, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा पाठलाग करायची गरजच नाही. कुठे किती दाट इलेक्ट्रॉन आहेत, एवढं कळलं तरी ऊर्जा काढता येते. जत्रेतल्या प्रत्येक माणसाचं नाव-गाव न विचारता गर्दी कुठे दाट, कुठे विरळ एवढाच नकाशा काढावा, तसं. १८९६ आकड्यांच्या जागी तीन आले. पुढल्या वर्षी लू शाम ह्यांच्यासोबत त्यांनी ती पद्धत वापरण्याजोगी केली. १९९८ साली ह्या पदार्थविज्ञानाच्या माणसाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१६ साली ते वारले. भाचीच्या खोलीत त्यांचा फोटो आहे. मी इतके दिवस तो तिच्या सरांचा समजत होते.

मग ती नेमकं काय करते? आधी सोन्याचा समूह संगणकावर मांडते. अणू थोडे हलवून, ऊर्जा मोजून, सगळ्यात स्वस्थ बसतील अशी जागा शोधते. मग त्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन ठेवून पाहते. शेवटी त्या दोघांपासून कार्बन डायऑक्साइडपर्यंतची वाट शोधते. ''मामी, बेळगावहून गोव्याला कसं जाता?'' तिने विचारलं. चोर्ल्यातून, नाहीतर अनमोडातून. डोंगर कुठूनही चढून कोणी जात नाही. घाटमाथा ही त्या रस्त्यावरची सगळ्यात उंच जागा, पण डोंगररांगेतली सगळ्यात कमी उंचीची. तिचं काम हा घाटमाथा शोधण्याचं. उत्प्रेरक डोंगर हलवत नाही, तो कमी चढाचा दुसरा घाट दाखवतो. आणि चढ थोडा जरी उतरला तरी फरक मोठा पडतो. घरातल्या तापमानाला चढ सुमारे ६ किलोज्यूल प्रति मोलने कमी झाला, की वेग दहापट वाढतो.

हे गणित आपल्याकडेही जुनं आहे. गॅलियम हा धातू तळहातावर वितळतो, तीस अंशांच्या आतच. पण त्याचे काही डझन अणूंचे समूह त्याहून खूप वरच्या तापमानालाही घट्ट राहतात, असं अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं. असं का, ह्याचं संगणकावरून उत्तर २००४ साली पुणे विद्यापीठातल्या दिलीप कान्हेरे ह्यांच्या गटाने दिलं.

खोट असलेली जागा

तिने सांगितलेल्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग हा. १९९९ साली उली हाइझ ह्यांच्या प्रयोगशाळेत आणि अटलांटातल्या उझी लँडमन ह्यांच्या संगणकावर मिळून एक काम झालं. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पातळ थरावर सोन्याचे मोजून एक, दोन, तीन अणूंचे समूह बसवत गेले. सातपर्यंत सगळे ढिम्म. आठ अणूंचा समूह मात्र कामाला लागला, पण तो कुठल्याही थरावर नाही. निर्दोष, नितळ थरावर तोही निष्क्रिय. जिथे थरातला एखादा ऑक्सिजन निघून गेला आहे, म्हणजे जागेला खोट आहे, तिथेच त्याने काम केलं.

कारण गणिताने दिलं. ऑक्सिजन निघून गेला तरी दोन इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी मागे राहतात. सोन्याचा समूह त्यावर बसला, की त्यातला थोडा ऋणभार उचलतो आणि वर आलेल्या ऑक्सिजनच्या रेणूकडे सरकवतो. तो भार मिळाला की ऑक्सिजनच्या दोन अणूंची घट्ट मिठी सैल होते, त्यांतलं अंतर वाढतं. शेजारी कार्बन मोनॉक्साइड उभाच असतो. तो एक अणू घेऊन निघून जातो.

सराफ खोट शोधतो ती सोनं नाकारायला. इथे खोट असलेल्या जागेवरच सोन्याची किंमत वाढते. मग अशी जागा मुद्दाम तयार करता येईल का? बेंगळुरूजवळच्या जक्कूरमधील जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रात शोभना नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली संगणकावर दाखवलं, की मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये थोडं अ‍ॅल्युमिनियम मिसळलं तर त्यावरचा वीस सोन्याच्या अणूंचा तो संत्र्यांचा ढिगारा चक्क सपाट पसरतो. अ‍ॅल्युमिनियममुळे जास्तीचे इलेक्ट्रॉन मिळतात, त्याचा हा परिणाम. आकार बदलला की कामही बदलतं. भाचीचं काम ह्याच वाटेवरचं.

कसोटी

''मग हे आपल्या गिझरला का नाही लावत?'' मी विचारलं. आईच ती, दुसरं काय विचारणार?

तिने काहीही न लपवता सांगितलं. एक तर असे बारीक कण तापले, की सरकत सरकत एकमेकांना चिकटतात आणि मोठे होतात. मोठं झालेलं सोनं पुन्हा आळशी. ह्यात किमतीचा प्रश्न येत नाही, सोनं लागतंच किती! टिकण्याचा येतो. दुसरं, गणितही चुकतं. कोन ह्यांच्या पद्धतीत एक भाग अंदाजाने भरावा लागतो, त्यामुळे चढाच्या उंचीत दहा-वीस किलोज्यूलचा फरक सहज पडतो. आणि सहा किलोज्यूलला दहापट हा हिशेब लक्षात घेतला तर वेगाचा अंदाज शंभरपट, हजारपटही चुकू शकतो. म्हणून नेमक्या आकड्यावर नव्हे, तर कोण कोणापेक्षा सरस ह्या तुलनेवर जास्त भरवसा ठेवायचा आणि शेवटी प्रयोगशाळेत तपासायचं. आपण कसोटी म्हणतो, अव्वा ओरेगल्लु म्हणतात. सोन्याच्या गणितालाही ती चुकत नाही.

पहिल्या वर्षी तिचं तीन आठवड्यांचं गणित वाया गेलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना, एकेकटे असतात. ते तिने गणितात सांगायचं राहून गेलं आणि संगणकाने मुकाट्याने चुकीचं उत्तर दिलं. ''संगणक विचारत नाही मामी, की तुम्ही काही विसरलात का. जे विचारलं नाही ते तसंच राहून जातं.'' हे बोलताना ती गणिताबद्दलच बोलत होती की आमच्या न्हाणीघराबद्दल, मला समजलं नाही. मी तिचा हात धरला. म्हटलं, झडपेत कागद कोंबला तो मी, तू नाही.

मुलगा तिसऱ्या दिवशी घरी आला. मार्चमध्ये त्याने परीक्षा दिली. आता तो बारावी करून मोकळा झाला आहे. गिझर आम्ही बाहेर काढला, आत फक्त पाण्याची नळी. न्हाणीघराची झडप कायमची उघडी, तिला आता काचच नाही. वाचकहो, तुमच्या घरी गिझर आत असेल तर आजच गवंडी बोलवा. ज्योत निळी न राहता पिवळी पडत असेल, आंघोळीनंतर डोकं जड होत असेल, तर थंडी वाजली म्हणून सोडून देऊ नका. कोणी आत कोसळलंच तर आधी गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, लगेच दवाखाना गाठा. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनाही हेच सांगा, कन्नडमध्ये सांगा, मराठीत सांगा.

भाची म्हणते तेच खरं : तिचं गणित आपल्या न्हाणीघरात यायला अजून बराच काळ जाईल, खिडकी उघडायला काही काळ लागत नाही.

अव्वांचा प्रश्न मात्र बदलला आहे. तिचा फोन आला की त्या आता लग्नाचं विचारत नाहीत. संत्री रचून दाखवलेली त्यांना पक्की आठवतात. फोन कानाला लावून मोठ्याने विचारतात, ''इवत्त एष्ट अणु?'' आज किती अणू? तिकडून आकडा येतो. अव्वा हातातल्या पाटल्या मागे सारतात आणि समाधानाने मान हलवतात.